काकड्यासाठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर

माझे शिक्षण नववीपर्यंत झाले; परंतु कल्याणात कचेरीसमोर माझे टेबल गेली कित्येक वर्षे आहे आणि माझ्या हातच्या अर्जाला आत एक वजन आहे, हे मी प्रारंभीच नमूद करून ठेवतो. वारसनोंद असो, हरकत असो, मुदतवाढ असो, मनुष्य माझ्यासमोर बसून रडतो, चिडतो, एकच गोष्ट चार वेळा सांगतो, आणि मी त्यातून दोन स्वच्छ परिच्छेद काढून देतो. अशा व्यवसायात माणसाला कशाचेही नवल वाटेनासे होते. मलाही वाटत नसे. यंदाच्या आश्विनात खडवलीला माझ्या थोरल्या बहिणीच्या पडवीत मी जे पाहिले त्याने मात्र मी थक्क झालो, आणि ते थक्क होणे अद्याप ओसरलेले नाही. म्हणून हा मजकूर.

ताई लग्न होऊन खडवलीला गेली तेव्हापासून तेथल्या देवळात गाते. कोजागिरीनंतर महिनाभर रोज पहाटे देवळात काकडा असतो. देवाला उठवायची पहिली भूपाळी एकच बाई म्हणते. बाकीच्या बायका मागून धरतात. ही पहिली भूपाळी गेली पुष्कळ वर्षे ताईची होती. तिच्याकडे ती कोणी ठराव करून दिली नव्हती. ती म्हणू लागली आणि तिचीच झाली.

दोन वर्षांपूर्वी तिच्या गळ्यातली गाठ काढावी लागली. गाठ गेली, पण आवाजही बराच गेला. सूर जागच्या जागी होते, फक्त ते हातभर अंतरावर जाऊन विरत. तरीही त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी ताईनेच भूपाळी म्हटली, कारण देवळात एक जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर होता. करड्या रंगाची जड लोखंडी पेटी, मागच्या बाजूला काचेचे चार दिवे, चालू केल्यावर मिनिटभर काहीच न करणारी. एकदा तापली की ताईचा तो पातळ झालेला आवाज घेऊन ती असा बाहेर काढी की जणू गाठ कधी झालीच नव्हती.

गेल्या खेपेचा काकडा संपता संपता ती पेटी जळाली. मी त्या पहाटे तेथे होतो. आधी गोड, मग कडवट वास आला, पेटीखालून काळे डांबर गळले, आणि ताईचा आवाज एका ओळीच्या मध्यावर पुन्हा हातभर अंतराचा झाला. पुढचे दोन दिवस देवळाच्या भजनी मंडळाने भाड्याचा नवा स्पीकर आणला. त्याने ताईचा आवाज चरचरवला आणि मध्येच शीळ घातली. बायका हसल्या नाहीत. त्या हसल्या असत्या तर बरे झाले असते.

यंदा नवरात्रात मंडळाच्या बायका ताईकडे हळदीकुंकवाला आल्या आणि चहा झाल्यावर त्यांतल्या वयस्कर बाईने विषय काढला. जुनी पेटी कोजागिरीपर्यंत सुरू झाली तर उत्तमच. न झाल्यास पहिली भूपाळी पोलीस पाटलांच्या सुनेने म्हणावी. सून तेथेच बसली होती, खाली मान घालून. मुलगी गुणी आहे, आवाज खणखणीत आहे, तिला स्पीकरचीही गरज नाही. ताईने सर्वांच्या ओट्या भरल्या, सुनेची जरा जास्तच भरली, आणि मला फोन केला.

"अरे, तुझ्या ओळखी आहेत ना सगळीकडे," ती म्हणाली. "त्या पेटीचं काहीतरी बघ."

माझ्या ओळखी आहेत हे खरे. मी पेटी खोलवून आतला जळका ट्रान्सफॉर्मर पिशवीत घातला आणि कल्याण, डोंबिवली, ठाणे अशी सर्व दुकाने पालथी घातली. माजिवड्याच्या एका दुकानदाराने पिशवीत डोकावून विचारले, "काका, हे म्युझियमला द्यायचंय का?" मी त्याला माझ्या पद्धतीने उत्तर दिले आणि बाहेर पडलो. खडवलीला परतून मी भावजींना सांगितले की बाजारात ही वस्तू मिळत नाही, सबब नवीन ॲम्प्लिफायरसाठी एक सविस्तर अर्ज मी तयार करतो.

भावजी म्हणजे ताईचे यजमान. ठाण्याच्या एका कारखान्यात त्यांनी हयातभर विजेच्या मोटारींच्या तारा गुंडाळल्या. कारखाना बंद पडला तेव्हा कामगारांनी हाताला लागेल ते घरी आणले. भावजींनी तारेची रिळे आणली. स्वभाव असा की सहसा कोणाचे पटत नाही. देवळातल्या लाउडस्पीकरची तार कोणत्या खांबावरून न्यावी यावरून त्यांचा एकदा वाद झाला आणि तेव्हापासून ते देवळाच्या आत गेलेले नाहीत.

"अर्ज नको लिहू," भावजी म्हणाले. "टिटवाळ्याला जा आणि एक मेलेला स्टॅबिलायझर घेऊन ये. मोठा बघ."

"त्याचे काय करणार?"

"तुझ्या ताईचा गळा."

टिटवाळ्याला नव्या इमारतींमध्ये लोक राहायला येतात तेव्हा जुन्या फ्रिजबरोबरचे स्टॅबिलायझर भंगारात टाकतात. भंगारवाल्याकडे त्यांची उतरंड लागलेली होती. मी सर्वांत जड तो निवडला आणि स्वतः उचलून आणला, याची भावजींनी दखल घेतली नाही. त्यांनी पडवीत गोणपाट अंथरले, स्टॅबिलायझर उघडला आणि आतला लोखंडी ठोकळा मांडीवर घेतला.

मी तो ठोकळा अखंड समजत होतो. तो पत्र्यांचा होता. इंग्रजी ई अक्षराच्या आकाराचे कागदासारखे पातळ पत्रे, एकावर एक, शेकडो, आणि प्रत्येकाच्या उघड्या तोंडाला बंद करणारी एक सरळ पट्टी. वॉर्निशने ते एकमेकांना घट्ट धरून बसले होते. भावजी बोथट सुरी दोन पत्र्यांमध्ये घालून हळूच पिळत आणि एक पत्रा निघे; मग दुसरा. सकाळ त्यातच गेली. वाकलेला पत्रा ते उजेडाकडे धरून बाजूला टाकत.

"हे अखंड लोखंडाचे का करत नाहीत?" मी विचारले.

"तापेल. अखंड असलं की आतल्या आत चकरा मारून स्वतःलाच तापवतं. माणसांत नाही का असतात तशी."

हे कोणाला उद्देशून होते ते मी विचारले नाही.

बॉबीन, म्हणजे ज्यावर तार गुंडाळायची ती चौकोनी नळी, त्यांनी जाड पुठ्ठ्याची केली आणि वॉर्निश पाजून उन्हात वाळवली. तारेच्या दोन थरांमध्ये घालायला कागद हवा होता. तेथे माझा उपयोग झाला. जमिनीचे नकाशे उतरवण्याचा ट्रेसिंग पेपर माझ्या टेबलात नेहमी असतो. मी तो आणला. भावजींनी तो चिमटीत धरून ओढला, फुंकर घालून पाहिला आणि म्हणाले, "वकीलसाहेब, पहिल्यांदा तुझा कागद कामाला येतोय." मी अर्जनवीस आहे, वकील नाही, हे त्यांना पुरते ठाऊक आहे.

गुंडाळायचे यंत्र त्यांनी जुन्या सायकलच्या पेडलपासून केले होते. सायकलीचा तो मधला तुकडा करवतीने कापून फळीला ठोकलेला, एका बाजूला पेडलचा दांडा, दुसऱ्या बाजूला बॉबीन. दांडा एकदा फिरला की तारेचा एक वेढा. उजव्या हाताने दांडा, डाव्या हाताच्या बोटांत फ्लॅनेलच्या चिंधीतून सरकणारी तार. वेढ्याला वेढा लागला पाहिजे, पण वेढ्यावर वेढा चढता कामा नये. हे करताना माणसाला मोजता येत नाही. मोजायला दुसरा लागतो. किती वेढे घालायचे ते भावजींनी लोखंडाची रुंदी फुटपट्टीने मोजून खडूने फरशीवर काढून ठेवले होते. एका व्होल्टला इतके, त्यावरून मेनलाइनकडच्या बाजूला बारा शेकडे आणि दिव्यांना वीज देणाऱ्या उंच दाबाच्या बाजूला त्याच्या दुप्पट आणि वर काही.

मोजण्याचे काम अर्थातच मी घेतले. आकडे हा माझा प्रांत आहे. मी खुर्ची घेऊन बसलो आणि स्पष्ट आवाजात मोजू लागलो. दीडशेच्या पुढे गेलो असेन तोच माझ्या एका पक्षकाराचा फोन आला. वारसनोंदीचे निकडीचे काम होते. मी एक बोट वर करून भावजींना थांबण्याची खूण केली. भावजी थांबले नाहीत. मी फोन ठेवून पुढचा आकडा बोललो, आणि तो त्या पक्षकाराच्या जमिनीचा गट क्रमांक निघाला.

"हे वेढे मोजतोयस की फेरफार?" भावजी ओरडले. "उतरव आता सगळं! बस उलटं फिरवत!"

"मी खूण केली होती."

"दांड्याला दिसत नाही तुझी खूण."

तार उलटी सोडून पुन्हा रिळावर घेतली गेली. स्वयंपाकघरातून ताई हात पुसत आली. "सरक तू," ती मला म्हणाली. "पेंढ्या मोजल्यात मी आयुष्यभर. हे काय त्याहून वेगळं आहे?"

ती भावजींच्या शेजारी पाटावर बसली, एका बाजूला चिंचोक्यांची वाटी, दुसऱ्या बाजूला रिकामी. शेकडा भरला की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. पहिल्या वेढ्याला तिने 'एक' म्हटले नाही, 'लाभ' म्हटले, धान्य मापताना म्हणतात तसे. लाभ, दोन, तीन, चार. तिचा आवाज पुटपुटण्याहून मोठा नव्हता, पण त्याला एक चाल होती, आणि थोड्या वेळाने भावजींचा दांडा त्या चालीवर फिरू लागला. शंभरावर आली की ती आकडा जरा लांबवी, ओठ आणखी थोडा वेळ हलत राहत, मग चिंचोका टाकी आणि पुन्हा लाभ.

मी पाहत बसलो. दुसरे काम नव्हते म्हणून नव्हे; उठावेसेच वाटले नाही. तांब्याचा एक थर पुरा झाला की नुसता पिवळा तांबूस पत्रा दिसे, तारा दिसत नसत. त्यावर माझ्या ट्रेसिंग पेपरचा एक वेढा, आणि त्या अर्धपारदर्शक कागदातून खालचा थर चुलीतल्या निखाऱ्यासारखा मंद दिसे. मग दुसरा थर परतीच्या दिशेने. दोघेही एकमेकांकडे न पाहता काम करत होती. इतक्या वर्षांत मी या नवराबायकोला इतका वेळ न भांडता बसलेले पाहिले नव्हते. अर्जात मी 'एकत्रित व अविभक्त' असे शब्द रोज लिहितो. ते कशाला म्हणतात हे मी तेव्हा पाहिले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मेनलाइनची बाजू पुरी झाल्यावर भावजींनी तिच्यावर माझ्या कागदाचे बरेच पदर घातले आणि त्यावर दुसरी बाजू सुरू केली. मी विचारले की ही तार खालच्या तारेला कोठे जोडायची.

"कुठेच नाही."

"म्हणजे?"

"दोघींचा एकमेकींना स्पर्श नाही झाला पाहिजे. झाला तर मेलो."

"मग खालची वीज वर जाते कशी?"

भावजींनी दांडा थांबवला, ही मोठी गोष्ट. "लोखंडातून जाते," ते म्हणाले. मग थोडा विचार करून, "म्हणजे वीज नाही जात. दुसरंच काहीतरी जातं. मास्तर होते आमचे, ते सांगायचे. मला विचारू नकोस. मी गुंडाळतो, ती जाते."

मी कल्याणला परत जाताना, आणि नंतर अंथरुणावर पडल्यावरही, याच गोष्टीचा विचार करत होतो. स्पर्श नाही, सांधा नाही, मध्ये माझा कोरा कागद. आणि तरी पलीकडे पोहोचते. माझ्या व्यवसायात पोहोच घेतल्याशिवाय काहीही पोहोचत नाही.

कोजागिरी चार दिवसांवर आली तेव्हा गुंडाळणे संपले होते. मी सकाळीच खडवलीला पोहोचलो. पडवीत भावजी बॉबीन पुढ्यात घेऊन बसले होते आणि त्यांचा चेहरा पाहून मी चप्पल काढतानाही आवाज केला नाही. पत्रे आत जात नव्हते. ई आकाराच्या पत्र्याचा मधला पाय बॉबीनच्या पोकळीत जातो आणि बाजूचे दोन पाय तारेच्या बाहेरून. ते बाहेरचे पाय तारेवर अडत होते. तारेचे पोट फुगले होते. हिशेबापेक्षा तार जास्त झाली होती.

"माझा हिशेब बरोबर आहे," भावजी म्हणाले. "मोजण्यात चूक आहे."

"मी तर मोजलेच नाही," मी तत्परतेने सांगितले.

ताई दारात उभी होती. "मी बरोबर मोजलंय. बारा चिंचोके तेव्हा, आणि नंतरचे ते. वाट्या तशाच ठेवल्यात, बघा."

"चिंचोके बरोबर आहेत. शेकड्यात किती मोजलेस?"

"शेकड्यात शेकडाच मोजणार ना! शंभर, आणि वरचे पाच."

भावजी तिच्याकडे बघतच राहिले. "वरचे कसले पाच?"

"वरचे पाच म्हणजे... वरचे. शेकड्यावर पाच सोडतातच ना?" ताईचा स्वर आता खाली येऊ लागला. "सासूबाईंबरोबर मी कल्याणला तबेल्यांत पेंढ्या विकायला जायचे तेव्हा. शंभर मोजले की वर पाच सोडायच्या. त्या मोजायच्या नाहीत. न सोडता गाडी रिकामी केली तर तबेलेवाला शिव्या द्यायचा. हात तसाच बसलाय."

मग भावजींच्या पोटातून काहीतरी निघाले, मला वाटले संताप. ते हसू होते. हसता हसता त्यांना खोकला लागला. "ही बाई म्हशींना पेंढा घालत होती! मी इथे तार ओढतोय जीव मुठीत धरून, आणि ही तबेल्यात!"

"हसा," ताई म्हणाली. "उतरवा आता आणि घाला परत. मी मोजते. शंभरच मोजते."

"उतरवायला ही पेंढी नाही. केसासारखी तार आहे, वॉर्निश पाजलंय. उलटी ओढली की तुटणार. आणि दुसरं रीळ नाही."

हसू तेथेच संपले. ताई आत गेली. थोड्या वेळाने भांड्यांचा आवाज थांबला आणि ती पुन्हा दारात आली. "राहू दे," ती म्हणाली. "पाटलांच्या सुनेचा आवाज चांगला आहे. मी मागून धरेन. मागून धरायला पेटी लागत नाही." हे तिने इतक्या सरळ स्वरात म्हटले की एखाद्या परक्याला वाटले असते, हिला काहीच नाही. मी पुष्कळ लोकांना माझ्या टेबलासमोर हक्कसोड लिहून देताना पाहिले आहे. खरोखर सोडणाऱ्या माणसाचा स्वर असाच असतो.

भावजी खडू घेऊन फरशीवर बसले. बराच वेळ त्यांनी काहीतरी मांडले, पुसले, पुन्हा मांडले. मग मान वर न करता म्हणाले, "दोन्ही बाजूंना पाचच सोडलेस ना? वरच्यालाही?"

"दोन्हीला. सगळ्या शेकड्यांना."

"मग प्रमाण तेच आहे. इकडे वाढले तेवढे तिकडे वाढले. व्होल्टेज बरोबरच येणार." ते उठले. "फक्त पोट आत घ्यायचंय. वकीलसाहेब, त्या दोन फळ्या आण."

मी आयुष्यात केलेल्या शारीरिक कामांपैकी ते सर्वांत नाजूक होते. बॉबीन अंगणातल्या तापलेल्या पत्र्यावर ठेवून वॉर्निश मऊ होऊ दिले. मग दोन गुळगुळीत फळ्यांमध्ये धरून शिकंज्यात घातले. मी शिकंज्याची मूठ अगदी थोडी फिरवायची, थांबायचे, भावजी कान लावून ऐकणार. आत एखादी तार दुसरीवर घासली, कागद फाटला, तर सगळे संपले. "अजून." थांबा. "अजून थोडं." थांबा. ताई समोर उभी होती आणि तिने पदराचे टोक तोंडात धरले होते.

"बस," भावजी म्हणाले.

मग पत्रे. एक या बाजूने, एक त्या बाजूने, आलटून पालटून. आता ते जात होते, कुरकुरत, पण जात होते. शेवटचे काही पत्रे कशानेच बसेनात; भावजींनी ते बाजूला ठेवून चारी कोपऱ्यांना बोल्ट आवळले आणि म्हणाले, "एवढ्यानं काही अडत नाही."

चाचणी त्यांनी दुपारी घेतली. मेनलाइन थेट जोडायची नाही. मध्ये एक साधा बल्ब घालायचा. आत कोठे तारेला तार चिकटली असेल तर बल्ब लख्ख पेटतो, सर्व ठीक असेल तर पेटत नाही. मी आजवर दिवा पेटावा म्हणून बटण दाबले होते; न पेटावा म्हणून प्रथमच पाहत होतो. भावजींनी मला व ताईला मागे सरकायला सांगितले आणि बटण दाबले.

बल्बच्या तारेत लाल रेघ उमटली. ती आमच्या तिघांच्या देखत मंदावली, आणि विझली.

ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता. इतका हलका की कान जवळ नेल्याशिवाय ऐकू येऊ नये. भंगारातले लोखंड, बंद कारखान्यातली तार, सायकलीचे पेडल, माझा नकाशाचा कागद; आणि आता त्यातून काहीतरी एका वेटोळ्यातून दुसऱ्यात जात होते, ज्याचे नाव भावजींनाही माहीत नव्हते. मला हात जोडावेसे वाटले. मी जोडले नाहीत, कारण भावजी समोर होते. पण वाटले ते लिहून ठेवणे माझे कर्तव्य आहे.

संध्याकाळपर्यंत तो पेटीत बसवून चालू ठेवला. काचेचे चारही दिवे आतून नारिंगी झाले. भावजी मधूनमधून बटण बंद करून तळहात ट्रान्सफॉर्मरवर ठेवत आणि भुवया चढवत. शेवटी मला बोलावले. "हात लाव." तो कोमट होता, झोपलेल्या मांजराच्या पोटाइतका.

"जुना तर असा तापायचा की हात ठेववत नसे," मी म्हणालो.

"पहाटे आपल्याकडे लाइन चढते, व्होल्टेज वाढतं. गावातले पंखे, पंप, सगळं बंद असतं. जुना त्यानंच गेला." ते थोडे थांबले. "लोखंड हलक्या प्रतीचं आहे हे. मोजून शंभर घातले असते तर यालाही जड गेलं असतं. वेढे जास्त आहेत म्हणून थंड आहे." मग स्वयंपाकघराकडे मान करून, मोठ्याने: "ऐकलंस का? म्हशी तृप्त आहेत!"

"ऐकलं," आतून आवाज आला.

त्यांनी माइक पुढे करून तिला काहीतरी बोलायला सांगितले. ताई माइककडे पाहून मागे सरली. "आता नाही. देवासमोरच." माझ्या मते हे भीतीपोटी होते, आणि मी तसे बोललो नाही.

काकड्याच्या पहिल्या पहाटे मी देवळात पुढे बसलो. पेटी सभामंडपाच्या खिडकीपाशी ठेवली होती आणि भावजी खिडकीच्या बाहेर अंगणात उभे होते. हात गजांतून आत घातला की बटणापर्यंत पोहोचत होता. मंडपातला दिवा नेहमीपेक्षा पांढरा दिसत होता. लाइन खरोखरच चढलेली होती. बायका शाली पांघरून येत होत्या. पाटलांची सून ताईच्या शेजारी टाळ घेऊन बसली, कारण पेटी मध्येच बंद पडल्यास तिने पुढे घ्यायचे असे ठरले होते. वयस्कर बाईने निरांजन लावले आणि ताईकडे पाहिले.

ताईने डोळे मिटले व सुरुवात केली.

पहिला शब्द मला तिच्या तोंडातून ऐकू आला आणि दुसरा सगळीकडून. तो पूर्वीचा आवाज नव्हता, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. त्यात एक बारीक खरखर होती, शस्त्रक्रियेने ठेवलेली. पण तो भरलेला होता. मंडपाच्या खांबांना टेकत, खिडक्यांतून बाहेर जात होता. बाहेर रस्त्यावर दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल बंद झाल्याचा आवाज आला. नदीकडच्या वस्तीत कोणीतरी दार उघडून बाहेरचा दिवा लावला. मी अनेक मोठी माणसे भाषण करताना ऐकली आहेत, काहींची भाषणे लिहूनही दिली आहेत. एका माणसाचा आवाज एवढी जागा घेऊ शकतो हे मला ठाऊक नव्हते. आणि तो एवढा होऊनही कोठेही मोठा वाटत नव्हता. हातभर अंतरावरच बोलत असल्यासारखा होता, फक्त तो हात गावाच्या टोकापर्यंत गेला होता.

भावजींचा हात गजांतून आत आला आणि पेटीच्या मागच्या जाळीवर राहिला. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता.

भूपाळी संपली. बायकांनी शेवटची ओळ धरली, टाळ थांबले. ताईने डोळे उघडले आणि बाजूला सरली. दुसरी भूपाळी सुनेला द्यायची असे तिने मनाशी धरले असावे, अर्धा तरी मान तिचा म्हणून. तिने माइकची दांडी सुनेकडे वळवली.

सुनेने ती दांडी धरली आणि होती तेथे परत फिरवली.

"काकी, थांबल्याव कशाला?" ती म्हणाली. घाईत तिचे ते बोलणे माइकमधून गेले आणि गावभर ऐकू आले. "फुडची बी तुमीच घ्या. आमाला आयकू द्या की."

ताईने माझ्याकडे पाहिले, मग खिडकीकडे. आणि दुसरी घेतली.